गुडघेदुखी: शस्त्रक्रियेशिवायचे उपाय शेजारी ठेवून पाहू

पायवाट (धागाकर्ती)

गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसवर (सांधा झिजून होणाऱ्या संधिवातावर) शस्त्रक्रिया सोडून काय करता येतं याच्या याद्या जागोजागी मिळतात. व्यायाम, वजन, मलमं, गोळ्या, स्टिरॉइडचं इंजेक्शन, वंगणाचं इंजेक्शन, पीआरपी, ग्लुकोसामाइन, पट्टे. यादीत सगळे एका रांगेत बसलेले असतात आणि दुखणाऱ्या माणसाला वाटतं, यातला कुठलाही उचलला तरी चालेल. पण ते एका तोलाचे नाहीत. म्हणून हा धागा काढतेय.

मी संख्याशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. माझे दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. या विषयावरच्या चाचण्या मी मुळातून वाचत असते आणि प्रत्येक उपायाला दोनच प्रश्न विचारते. त्याची तुलना कशाशी केली होती? आणि तो थांबवला की मागे काय उरतं?

पहिल्या प्रश्नाचं महत्त्व एका जुन्या अभ्यासावरून चांगलं कळतं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत १५८३ जणांना ग्लुकोसामाइन, कॉन्ड्रॉइटिन (ही दोन्ही सांध्यांसाठी विकली जाणारी पूरकं), दोन्ही एकत्र, सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक किंवा नुसती औषध नसलेली गोळी दिली. २४ आठवड्यांनी वेदना किमान २० टक्क्यांनी कमी झालेले लोक मोजले. औषध नसलेल्या गोळीच्या गटातच ते ६०.१ टक्के निघाले! ग्लुकोसामाइनच्या गटात ६४ टक्के. हा फरक इतका किरकोळ की तो योगायोगानेही पडू शकतो.

हे ६० टक्के लोक खोटं बोलत नव्हते. त्यांचं दुखणं खरंच कमी झालं होतं. या आजारातली वेदना वरखाली होते, आणि आपण डॉक्टरकडे जातो ते ती सगळ्यात वर असताना. तिथून ती आपोआपही थोडी उतरते. शिवाय कुणीतरी तपासतंय, काहीतरी उपाय सुरू झालाय, याचाही वेदनेवर खरा परिणाम होतो. म्हणून "मला गुण आला" एवढ्यावरून तो गुण औषधाचा की या बाकीच्या गोष्टींचा, हे सांगता येत नाही. त्यासाठी शेजारी दुसरा गट लागतो.

एक्स-रेबद्दलही आधीच बोलून घेते. ग्रेड ० ते ४ ही केलग्रेन-लॉरेन्स पद्धत १९५७ पासूनची आहे. तिने हाडांमधली जागा आणि कडेची वाढ कळते, वेदना कळत नाही. ग्रेड ४ असून मजेत फिरणारी माणसं असतात आणि ग्रेड २ ला रात्र रात्र तळमळणारीही असतात. या आजारात फक्त कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) झिजत नाही. सांध्याचं अस्तर सुजतं, कूर्चेखालचं हाड बदलतं, मांडीचे स्नायू दुबळे होतात. वेदना यातल्या कशातूनही येते. "ग्रेड ३ आहे, आता काही होणार नाही" असं कुणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका.

आता व्यायाम. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी माझ्या मते प्रत्येक गुडघेदुखीवाल्याला माहीत असायला हवी. १५६ रुग्ण, अर्ध्यांना फिजिओथेरपी, अर्ध्यांना स्टिरॉइडचं इंजेक्शन. वेदना, ताठरपणा आणि हालचाल मिळून ० ते २४० असे गुण, जास्त म्हणजे वाईट. सुरुवातीला दोन्ही गट १०७-१०८ च्या आसपास. वर्षभराने फिजिओथेरपीचा गट ३७ वर, इंजेक्शनचा ५५.८ वर. उतरले दोघेही, पण व्यायामवाले बरेच जास्त.

मात्र व्यायामालाही तोच पहिला प्रश्न विचारायचा. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून ग्लॅड नावाचा कार्यक्रम चालतो: आजाराची माहिती देणारे वर्ग आणि देखरेखीखाली व्यायाम. २०२२ च्या एका अभ्यासात २०६ जणांपैकी निम्म्यांना तो दिला आणि निम्म्यांना गुडघ्यात सलाइनची (नुसत्या मिठाच्या पाण्याची) चार इंजेक्शनं दिली, तीही हे निव्वळ सलाइन आहे असं सांगून. दोन्ही गटांची सुधारणा जवळपास सारखी निघाली. कॉक्रेन या चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०२४ च्या आढाव्यात १३९ चाचण्या आहेत. काहीच न करण्याशी तुलना केली तर व्यायामाने १०० पैकी सुमारे १३ गुणांनी वेदना कमी होते, दिखाऊ उपायाशी (खऱ्यासारखा दिसणारा, पण उपचार नसलेला) तुलना केली तर सुमारे ९. म्हणजे व्यायाम ही जादू नाही. तरीही तो माझ्या यादीत पहिला आहे, आणि त्याचं कारण दुसऱ्या प्रश्नात आहे. मांडीत आलेली ताकद जिना चढताना, तोल जाताना, उद्या शस्त्रक्रिया करावीच लागली तर त्यानंतरही कामाला येते. इंजेक्शन ओसरल्यावर असं काही हातात राहत नाही.

तुमचे अनुभव लिहा. सोबत किती काळ बरं वाटलं तेही लिहा.

गुलमोहर

फार चांगला धागा, ताई. मला मधुमेह आहे. डॉक्टरांनी स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलंय आणि मी घाबरून ते पुढे ढकलतेय. ते अजिबातच घेऊ नये का? घरात एक लग्न आहे, निदान तेवढे दिवस तरी नीट उभं राहता यावं अशी इच्छा आहे.

नीरक्षीर

गुलमोहर, मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज गुडघेच पाहतो. तुम्ही लिहिलंय तसा प्रसंग असेल तर हे इंजेक्शन चुकीचं नाही. ते लवकर लागू पडतं, काही आठवडे आराम देतं, मग ओसरतं. गुडघा सुजलेला असेल, ठरावीक दिवसांपुरता आराम हवा असेल, किंवा वेदनेमुळे व्यायाम सुरूच करता येत नसेल तर त्याचा उपयोग आहे. मधुमेहात पुढचे काही दिवस साखर वाढते, कधी कधी बरीच. तेव्हा इंजेक्शन घ्यायच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा, त्या दिवसांत साखर जास्त वेळा तपासा, आणि साखर आधीच हाताबाहेर असेल तर ती आटोक्यात येईपर्यंत थांबा. गुडघा गरम, लाल असेल, ताप असेल, तर आधी जंतुसंसर्ग नाही याची खात्री करून घ्यायला हवी.

पुन्हा पुन्हा घेत राहणं वेगळं. २०१७ च्या एका चाचणीत १४० जणांना दोन वर्षं दर १२ आठवड्यांनी ट्रायमसिनोलोन हे स्टिरॉइड किंवा सलाइन टोचलं. शेवटी वेदनेत फरक नव्हता आणि स्टिरॉइडच्या गटात कूर्चा जास्त पातळ झाली होती: सरासरी ०.२१ मिलिमीटर, सलाइनच्या गटात ०.१०. म्हणून कुणी ठरल्या वेळापत्रकाने इंजेक्शनं घेऊ लागलं की मला काळजी वाटते. एखादं गरजेपुरतं घेतलं तर त्याची एवढी धास्ती नको.

आता व्यायामाबद्दल थोडं सविस्तर, कारण "व्यायाम केला, उपयोग नाही झाला" हे मी रोज ऐकतो. विचारलं तर कळतं की कागदावर छापलेले चार व्यायाम, पलंगावर पडून, वजनाशिवाय, महिनोन्महिने तेच. तेवढ्याने स्नायू बळकट होत नाही. स्नायूला पेलायला थोडं जड जावं असं ओझं लागतं आणि ते हळूहळू वाढवावं लागतं.

माझ्याकडे सुरुवात बहुतेकदा खुर्चीवरून होते. उंच खुर्ची, गरज वाटली तर खाली उशी. पाय कमरेइतके रुंद, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे, अंग पुढे झुकवून हात न टेकता उठायचं. बसताना मात्र सावकाश, मनात तीन आकडे मोजत. धपकन बसणं म्हणजे व्यायामाचा अर्धा भाग सोडून देणं, कारण खाली जातानाच मांडीला खरं काम पडतं. दुखऱ्या बाजूचा गुडघा आत, दुसऱ्या गुडघ्याकडे झुकतोय का ते आरशात पाहा. झुकत असेल तर नितंबाच्या बाजूचे स्नायू कमी पडताहेत, कुशीवर झोपून पाय वर उचलायचा व्यायाम जोडा. आठ-दहा वेळा उठबस सहज जमली की उशी काढा, मग हातात वजन घ्या, मग पायरीवर चढ-उतर. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे, मधल्या दिवशी स्नायूला विश्रांती. फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि नेमकं त्याआधीच पुष्कळ लोक सोडून देतात.

दुखलं तर थांबायचं का? व्यायाम करताना १० पैकी ४-५ पर्यंत दुखणं चालतं, पण दुसऱ्या दिवशीपर्यंत ते मूळ पातळीवर यायला हवं. नाही आलं, किंवा गुडघा सुजला, तर पुढच्या वेळी ओझं कमी करा. बंद करू नका. चालण्याने गुडघा आणखी झिजेल या भीतीने माणसं बसून राहतात, मांडी वाळत जाते आणि मग तेवढंच चालणंही जास्त दुखतं. हे पाहून मला खरंच वाईट वाटतं, कारण ती भीती कुणीतरी "जपून राहा" म्हणूनच घातलेली असते.

रानवारा

धागा वाचला. चाचण्या आपल्या जागी ठीक, पण मी पीआरपी घेतलं आणि मला फरक पडला. आधी बाजारात जाऊन येणं मुश्कील होतं, आता जातो. सरासरी काय म्हणते त्यापेक्षा माझा गुडघा काय म्हणतो हे मला महत्त्वाचं वाटतं. ज्यांना गुण आला त्यांनी काय म्हणायचं?

पायवाट

रानवारा, तुम्हाला बरं वाटतंय याचा मनापासून आनंद आहे, आणि ते बरं वाटणं खरं आहे यात मला जराही शंका नाही. प्रश्न आहे तो पुढच्या माणसाला काय सांगायचं याचा.

पीआरपीमध्ये आपलंच रक्त काढून, फिरवून, प्लेटलेट जास्त असलेला भाग गुडघ्यात टोचतात. ऑस्ट्रेलियातल्या २०२१ च्या एका नीट आखलेल्या चाचणीत २८८ जणांना आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं दिली. अर्ध्यांना पीआरपी, अर्ध्यांना सलाइन. रक्त सगळ्यांचंच काढलं, म्हणजे कुणाला काय मिळालं हे कुणाला कळू नये. वर्षभराने १० पैकी वेदना पीआरपीने २.१ ने उतरली, सलाइनने १.८ ने. कूर्चेचं आकारमान एमआरआयवर मोजलं, तिथेही फरक नाही. आता यातल्या सलाइनवाल्यांचा विचार करा. त्यांनाही जवळजवळ दोन गुणांचा आराम मिळाला! ते इथे असते तर त्यांनीही तुमच्यासारखंच लिहिलं असतं, आणि तेही खरंच असतं.

पीआरपी बनवायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत आणि काही लहान अभ्यासांत निकाल चांगले आलेत, हेही सांगायला हवं. त्यामुळे दार कायमचं बंद झालंय असं मी म्हणत नाही. पण अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजी या सांधेरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ मध्ये गुडघ्यासाठी पीआरपी नको असंच ठामपणे लिहिलंय, आणि ज्याला पैशांची ओढाताण करून ते घ्यावं लागेल त्याला मी आधी बाकीचं करून पाहा म्हणेन.

वंगणाच्या इंजेक्शनाचंही तेच. हायल्युरॉनिक आम्ल सांध्यातल्या द्रवात असतंच, ते कमी पडतं म्हणून बाहेरून भरायचं, हा विचार ऐकायला अगदी पटतो. पण २०२२ मध्ये १६९ चाचण्यांचा एक आढावा आला. त्यातल्या मोठ्या, दिखाऊ इंजेक्शनाशी तुलना केलेल्या चाचण्या वेगळ्या काढल्या तर १०० मिलिमीटरच्या वेदनापट्टीवर फरक निघतो २ मिलिमीटरचा. माणसाला जाणवायला साधारण ९ लागतात. आणि गंभीर दुष्परिणाम सलाइनपेक्षा जास्त. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत हे इंजेक्शन देऊ नये असं स्पष्ट आहे.

स्टेम सेलच्या जाहिरातींबद्दल मात्र मला खरोखर चीड येते. "कूर्चा नव्याने उगवते" असं छातीठोकपणे सांगतात. २०२३ मध्ये ४७५ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले. तीन प्रकारच्या पेशी वापरल्या होत्या आणि तुलना साध्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनाशी केली होती. वर्षभराने एकही प्रकार स्टिरॉइडपेक्षा सरस ठरला नाही. वेदनेने टेकीला आलेल्या माणसाला असं आश्वासन विकणं मला अक्षम्य वाटतं.

रानवारा

समजलं. सलाइनवाल्यांचं असं डोक्यात नव्हतं आलं. तरी एक विचारतो: बरं वाटू लागल्यावर मी चालायला लागलो, जिना चढायला लागलो. मग आता जे बरं आहे ते इंजेक्शनाचं की चालण्याचं?

पायवाट

एका माणसावरून ते वेगळं काढता येत नाही. पण चालणं सोडू नका, कारण यापुढे तुमच्या हातात आहे ते तेच. नीरक्षीर यांनी वर लिहिलेली खुर्चीची उठबसही जोडा.

उंबरठा

माझे वडील सत्तरीच्या पुढे आहेत. रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, मूत्रपिंडाच्या तपासणीत क्रिएटिनिन थोडं वाढलेलं आलंय. दुखलं की ते स्वतःच पेनकिलर आणून घेतात आणि विचारलं तर रागावतात. जेल लावा म्हटलं तर "त्याने काय होतंय" म्हणतात. कसं समजवावं?

सांजवारा

उंबरठा, मी जनरल प्रॅक्टिस करतो. तुमची काळजी रास्त आहे, या आठवड्यातच त्यांना डॉक्टरांकडे न्या आणि घरातली सगळी औषधं पिशवीत घालून सोबत न्या, विचारल्याशिवाय आणलेलीही.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब ही एकाच घराण्यातली औषधं. गुडघ्याच्या वेदनेवर तोंडाने घ्यायच्या गोळ्यांत यांचा परिणाम सगळ्यात चांगला, हे मान्य. पण त्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात, रक्तदाब वाढवतात, पोटात व्रण करतात, हृदयविकाराचा धोका वाढवतात. याच घराण्यातलं रोफेकॉक्सिब २००४ मध्ये हृदयविकाराच्या धोक्यामुळे जगभरातून काढून घेतलं गेलं. रक्तदाबासाठी रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी, जोडीला लघवी जास्त करवणारी गोळी, आणि वर पेनकिलर, असं त्रिकूट जमलं तर मूत्रपिंड अचानक बंद पडू शकतं. जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालं असेल तेव्हा तर फारच. पोटासाठी सोबत पँटोप्राझोल घेतल्याने पोट सांभाळलं जातं, मूत्रपिंड नाही.

जेलने काही होत नाही असं त्यांना का वाटतं याचं एक साधं कारण असू शकतं. वाटाण्याएवढं बोटावर घेऊन, दुखलं त्या दिवशीच लावतात. १ टक्का डायक्लोफेनॅक जेलचं गुडघ्यासाठीचं प्रमाण एका वेळी ४ ग्रॅम, दिवसातून चार वेळा आहे. ४ ग्रॅम बरंच असतं, गुडघ्याच्या चारी बाजूंना पुरतं. रोज, निदान दोन आठवडे लावल्याशिवाय निकाल देऊ नये. कॉक्रेनच्या २०१६ च्या आढाव्यात सहा ते बारा आठवड्यांत वेदना निम्म्यावर आलेले लोक डायक्लोफेनॅक लावणाऱ्यांत सुमारे ६० टक्के होते, औषध नसलेलं जेल लावणाऱ्यांत सुमारे ५०. फरक मोठा नाही, पण गोळीच्या मानाने फारच थोडं औषध रक्तात जातं. म्हणूनच नाइस गुडघ्यासाठी औषधांत पहिलं नाव लावायच्या औषधाचं घेते. तुमच्या वडिलांच्या बाबतीत मात्र क्रिएटिनिन वाढलेलं असल्याने तेही डॉक्टरांना विचारूनच.

पॅरासिटामॉल पोटाला सोसतं, पण या दुखण्यावर त्याचा जोर अगदी कमी: १०० पैकी सुमारे ३ गुण. ट्रामाडॉलसारख्या अफूवर्गीय गोळ्यांच्या मागे लागू नका. २०१८ मध्ये २४० जणांवरच्या वर्षभराच्या एका चाचणीत पाठ, खुबा आणि गुडघ्याच्या जुनाट दुखण्यासाठी त्या साध्या औषधांपेक्षा सरस ठरल्या नाहीत, उलट दुष्परिणाम जास्त. ड्युलॉक्सेटिन हे मुळात नैराश्यावरचं औषध. अनेक ठिकाणी दुखणाऱ्या, झोप उडालेल्या काही रुग्णांना त्याचा उपयोग होतो. ते अचानक बंद करायचं नसतं.

आणि समजवायचं म्हणाल तर मूत्रपिंडाचा धाक घालण्यापेक्षा त्यांना कधी सगळ्यात जास्त दुखतं ते विचारा. सकाळी उठल्यावर की संध्याकाळी? त्या वेळेच्या आधी जेल लावायला तुम्ही स्वतः बसलात तर ते नाही म्हणायचे नाहीत.

उंबरठा

मनापासून आभार, डॉक्टर. औषधांची पिशवी आजच भरते.

मोगरा

सगळं पटलं, पण वजनाबद्दल कुणी लिहिलंच नाही. दर वेळी डॉक्टर एक वाक्य टाकतात, "वजन कमी करा", आणि पुढचा पेशंट. चालता येत नाही म्हणून वजन वाढतं, वजन वाढतं म्हणून चालता येत नाही. यातून बाहेर कसं पडायचं ते कुणीच सांगत नाही.

पायवाट

मोगरा, तुमची तक्रार अगदी योग्य आहे. एका वाक्यात उरकण्यासारखा हा उपाय नाही.

२००५ चं एक मोजमाप आहे: शरीराचं वजन एक किलोने उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. पाच किलो उतरले तरी प्रत्येक पावलाला वीस. चरबीच्या पेशी सूज वाढवणारी द्रव्यंही सोडतात, त्यामुळे फायदा नुसत्या भारापुरता नसतो.

तुमच्या चक्राचं उत्तर असं की वजन मुख्यतः आहाराने उतरतं. त्यासाठी आधी चालता यायला हवं असं नाही. २०१३ च्या एका चाचणीत ४५४ जणांचे तीन गट होते: फक्त आहार, फक्त व्यायाम, दोन्ही. दीड वर्षाने दोन्ही करणाऱ्यांचं वजन सरासरी ११.४ टक्क्यांनी घटलं होतं आणि वेदनाही त्यांचीच सगळ्यात कमी होती. आहारतज्ज्ञाकडे पाठवण्याची मागणी तुम्ही डॉक्टरांकडे हक्काने करा. व्यायाम बसून, पाण्यात किंवा सायकलवर सुरू करता येतो.

नव्या औषधांबद्दल: २०२४ मध्ये सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनाची लठ्ठपणा आणि गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस दोन्ही असलेल्या ४०७ जणांवर चाचणी झाली. ६८ आठवड्यांत वजन १३.७ टक्क्यांनी घटलं, दिखाऊ इंजेक्शनावर ३.२ टक्क्यांनी. वेदनेचे गुण १०० पैकी ४१.७ ने उतरले, दुसरीकडे २७.५ ने. या धाग्यात आलेल्या औषधांत आणि इंजेक्शनांत दिखाऊ उपायाच्या एवढं पुढे गेलेलं दुसरं नाही. पण माझा दुसरा प्रश्न इथेही लागू आहे. ही औषधं थांबवली की वजन पुष्कळांचं परत वाढतं. मळमळ, उलट्या होतात आणि चरबीसोबत स्नायूही घटतो, म्हणून मांडीचे व्यायाम सोबत हवेतच. आणि ही चाचणी लठ्ठपणा असलेल्यांवर झाली, सडपातळ माणसाच्या गुडघ्यासाठी तिचा आधार घेता येणार नाही.

मोगरा

"आधी चालता यायला हवं असं नाही" हे वाक्य मला कुणी आधी सांगायला हवं होतं. आहारतज्ज्ञाचं विचारते.

नीरक्षीर

राहिलेल्या गोष्टी पटापट. काठी: लाज सोडून वापरा. दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा, उजवा दुखतो तर डाव्या हातात, आणि उजव्या पावलासोबत पुढे टाका. काठीची मूठ मनगटावरच्या रेषेशी येईल एवढी उंची. नुसती ओढायची नी कॅप ऊब आणि धीर देते, बाकी काही नाही. एकाच बाजूचा भाग झिजून पाय वाकला असेल तर त्या बाजूचा भार कमी करणारा ब्रेस वेगळा, तो मापाने घ्यावा लागतो आणि तोच उपयोगी. बुटात एका बाजूला जाड तळवा घालण्याचा काही उपयोग दिसलेला नाही. टेन्सचं (त्वचेवरून सौम्य वीज देणारं) यंत्र विकत घेऊ नका, पीआरपी नको म्हणणाऱ्या त्याच अमेरिकन संस्थेने गुडघ्यासाठी ते ठामपणे नाकारलंय. शेक घ्या, बरं वाटत असेल तर.

ज्यांना एकट्याने व्यायाम जमत नाही त्यांना ताय ची हा संथ चिनी व्यायामप्रकार सुचवेन. २०१६ च्या एका चाचणीत २०४ जणांत ते फिजिओथेरपीइतकंच उपयोगी ठरलं होतं. संथ, तोल सांभाळत एका पायावरून दुसऱ्यावर भार नेणं, हेच तर गुडघ्याला हवं असतं.

गुडघ्याच्या संवेदना नेणाऱ्या नसा उष्णतेने बधिर करण्याची पद्धतही आहे. काही महिने आराम मिळू शकतो, मग नस पुन्हा वाढते. बाकी सगळं करून झालेल्या आणि शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या माणसासाठी ती विचारात घ्यावी.

रानवारा

आणि हे सगळं करूनही दुखतच राहिलं तर? शस्त्रक्रिया टाळणं एवढंच ध्येय धरायचं का?

पायवाट

नाही, तसं अजिबात म्हणायचं नाही. २०१५ मध्ये डेन्मार्कमधल्या १०० जणांचा अभ्यास आहे. सगळेच शस्त्रक्रियेला पात्र होते. अर्ध्यांचा सांधा बदलून मग व्यायाम-आहार वगैरे दिलं, अर्ध्यांना फक्त व्यायाम-आहार वगैरे. वर्षभराने शस्त्रक्रियेच्या गटाची सुधारणा १०० पैकी ३२.५ गुण, दुसऱ्या गटाची १६. म्हणजे शस्त्रक्रियेने दुप्पट सुधारणा झाली. पण गंभीर दुष्परिणामही तिकडे २४ होते, इकडे ६. आणि दुसऱ्या गटातल्या फक्त २६ टक्के लोकांनी त्या वर्षात शस्त्रक्रिया करून घेतली. बाकीच्यांना तेव्हा तरी ती लागली नाही. रात्रीची झोप, घरातल्या घरात फिरणं, स्वतःची कामं हे सगळं अडायला लागलं आणि मनापासून केलेल्या व्यायामाने, वजनाने, औषधाने भागलं नाही, तर ऑर्थोपेडिक सर्जनला भेटायला उशीर करू नये. मांडी पार वाळल्यावर केलेल्या शस्त्रक्रियेतून उभं राहणं कठीण जातं.

गुलमोहर

मी ठरवलं. साखर तपासून इंजेक्शन एकदाच घेते आणि त्या आरामाच्या दिवसांत खुर्चीचा व्यायाम सुरू करते. नीरक्षीरदादा, एक शेवटचं. जिन्यावर कुठला पाय आधी? मी दर वेळी गोंधळते.

नीरक्षीर

चढताना चांगला पाय आधी वरच्या पायरीवर, मग दुखरा आणि काठी त्याच पायरीवर. उतरताना काठी आणि दुखरा आधी खाली, मग चांगला. कठडा असेल तर एक हात त्यावर. इंजेक्शन घेतल्यावर पहिले एक-दोन दिवस गुडघ्याला जास्त काम देऊ नका, मग खुर्ची. सुरुवातीला उशी असू द्या.